आमच्याविषयी, दीडशे शब्दांत

७ जुलै २०२५, सोमवार

बँकेने दिलेली डायरी जानेवारीपासून कोरीच पडली होती. आज काढली. आजच्या बैठकीत जे ठरलं ते मला निवृत्तीपर्यंत पुरेल असं दिसतंय, आणि रोज घरी तेच ऐकवलं तर वैजयंती कंटाळेल. तिला तिची शाळा पुरते.

ठरलं असं की विद्याकिरण वाचनालयाची वेबसाइट नव्याने करायची. मी इथला ग्रंथपाल, येत्या मे महिन्यात सुटतो. तोवर पुस्तकं द्यावीत, घ्यावीत आणि गुडघा सांभाळून जिना उतरावा एवढीच माझी इच्छा होती.

अध्यक्ष भिमाजीअण्णांनी मोबाइल उंच धरून सगळ्यांना आपली साइट दाखवली. म्हणाले, “सोमनाथराव, लई जुनाट दिसतंय राव. नोव्हेंबरात निरीक्षक येनार. आपल्याला ‘ब’ वर्गातनं ‘अ’ वर्गात जायचंय, आन् त्यांना हे दाखवायचं का?” त्यांच्या पुतण्याच्या ओळखीत पुण्याची एक कंपनी आहे. बाहेरचे तज्ज्ञ आणू, काम चांगलं होईल. सगळ्यांनी माना हलवल्या.

आत्ताची साइट कुणी केली, हे कुणी विचारलं नाही. लॉकडाऊनमध्ये वाचनालयातल्या आमच्या जयाने घरी बसून, मोबाइलवर बघून बघून शिकून ती केली होती. मी सांगू शकलो असतो. पण दोन वाजत आले होते, भूक लागली होती, आणि सांगितलं असतं तर विषय वाढला असता.

११ जुलै, शुक्रवार

जयाला सांगितलं. ती माझी सहायक. ग्रंथालयशास्त्राची पदवी तिने नोकरी सांभाळून घेतली. ओढ्यापलीकडे बुद्धविहाराशेजारी आईबरोबर राहते. मी जरा घोळवूनच सांगितलं, की तुझं काम कमी होईल, तुलाही बरं.

“बाहेरून म्हणजे कुठून, सर?”

“पुण्याहून.”

“बरं.” ती परत आलेल्या पुस्तकांच्या पाठी पुसत होती, तशीच पुसत राहिली. मग म्हणाली, “जुन्यातलं काय काय ठेवणारेत?”

मी म्हटलं, ते लोक ठरवतील, त्यांना कळतं. वाईट वाटलं असेल का तिला? तसं काही दिसलं नाही.

२२ जुलै, मंगळवार

पुण्याहून श्रेया नावाची मुलगी आली, बरोबर एक फोटोग्राफर. मला वाटलं होतं कुणी तोऱ्यात येईल, पण मुलगी गोड आहे. पायऱ्यांवर चप्पल काढून आत आली. तिने विचारलं, “सर, तुमचा युजर कोण आहे?” मी म्हटलं, वाचक. ती थांबली, पुढे काहीतरी येईल म्हणून.

मग जयाच बोलली. मढ गावाकडचे वाचक एसटीत बसायच्या आधी फोनवर बघतात, पुस्तक आत आहे की बाहेर गेलंय. नसेल तर येतच नाहीत, फेरी वाचते. म्हाताऱ्या माणसांना अक्षर मोठं लागतं. स्पर्धा परीक्षेची मुलं रात्री बघतात आणि सकाळी दारात उभी असतात. श्रेया लिहून घेत होती. “हे खूप छान पॉइंट्स आहेत, मॅम.”

शेवटी श्रेया म्हणाली, “फक्त तो इतिहास खूप मोठा आहे. आपण ‘आमच्याविषयी’ असं एक पान करू. दीडशे शब्द. लोक त्याहून जास्त वाचत नाहीत.”

ते पान जयाने लिहिलं होतं. दुपारी पुन्हा वाचलं. छान लिहिलंय. स्थापना, भाड्याची खोली, मग ही इमारत. त्यात एका ठिकाणी आहे: ‘बौद्ध वस्तीतल्या तरुणांचं वाचनालय बंद झालं, तेव्हा त्यांची पुस्तकं बैलगाडीतून इथे आली. त्याच वर्षी वस्तीतले पहिले वाचक इथले सभासद झाले.’ ती पुस्तकं अजून आतल्या खोलीतल्या दोन कपाटांत आहेत. चांगली, जाड बांधणीची. सगळी इथल्या इथे मार्गी लागली हे किती बरं झालं.

५ ऑगस्ट, मंगळवार

दीडशे शब्द मला जमेनात. शंभर वर्षांच्या आसपासची संस्था, काय ठेवायचं नि काय टाकायचं. शेवटी जयालाच दिलं. तिने दुपारपर्यंत करून आणलं. अध्यक्षांची यादी काढली होती, इमारतीची मापं काढली होती. वस्तीच्या पुस्तकांची दोन वाक्यं ठेवली होती. वाचायला सुरेख. मी म्हटलं, “अण्णांना दाखवतो.” ती म्हणाली, “दाखवावं लागेलच का?” मी म्हटलं, अध्यक्ष आहेत.

८ ऑगस्ट, शुक्रवार

अण्णा टोमॅटोची गाडी नारायणगावला लावून आले. चष्मा कपाळावर, कागद लांब धरून वाचला. पहिला प्रश्न, “वडलांचं नाव कुठंय?” त्यांचे वडील पुष्कळ वर्षं अध्यक्ष होते. दर्शनी भिंतीवर त्यांची तसबीर आहे. प्रश्न रास्त होता.

दुसरं म्हणाले, “आन् हे वस्तीचं कशाला?”

“खरं आहे ते, अण्णा.”

“खरं न्हाई असं मी कुठं म्हनतोय? पन वाचनारा म्हनंल, त्यांची पुस्तकं वायली का व्हती? उगं कायतरी निघतं त्यातनं. आता समदी एकत्र बसून वाचत्यात ना? मग झालं. वाद नको.”

त्यांच्या मनात वाकडं नव्हतं. जाताना त्यांनी जयाच्या आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचीही चौकशी केली. मीही विचार केला, दोन वाक्यांसाठी कुठे ताणायचं. ती काढली, वडिलांचं नाव आणि कारकीर्द घातली. शब्द बरोबर बसले.

मराठी टाइप करायला मला फार वेळ लागतो, म्हणून मजकूर जयाकडेच दिला. तिने वाचला, टाइप केला, श्रेयाला पाठवला. एकही चूक नव्हती.

२६ ऑगस्ट, मंगळवार

उद्या गणपती. बाजारपेठेत पाऊल ठेवायला जागा नाही.

श्रेयाने नमुना पाठवला. वरच्या फोटोत काचेच्या भिंतीशी बसून काही मुलं वाचताहेत. मुलं आपली नाहीत, भिंतही आपली नाही. कळवलं तर म्हणाली, “सर, तो फक्त मूड आहे.” आपल्या खोलीचा फोटो खाली आहे, लहान.

जयाने या महिन्यात दुसऱ्यांदा अर्धी रजा घेतली. मंचरला काम आहे म्हणते. तिकडे आंबेगाव तालुक्यात तिच्या मावशीचे लोक आहेत, भाचीचं लग्न जमत असेल. घरी तसं बोललो. वैजयंती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “तुम्ही विचारलंत का तिला?”

“काय विचारायचं?”

“काही नाही. ताट घ्या.”

१२ सप्टेंबर, शुक्रवार

या आठवड्यात मी फार थकलो, आणि मी तर काहीच केलं नाही. जुन्या साइटवरची पुस्तकांची नावं नवीवर नेताना जोडाक्षरं फुटली. ‘ज्ञान’ शोधलं तर काही सापडेना, ‘वृत्त’चे तुकडे झाले. श्रेयाच्या माणसांना काय बिघडलंय तेच दिसेना, कारण फुटलेलं अक्षर आणि धड अक्षर त्यांना सारखंच दिसत होतं. जया आठवडाभर त्यांच्याशी फोनवर होती. एकेक अक्षर वाचून दाखवायची. आज संध्याकाळी सगळं जागेवर आलं.

श्रेयाने मला फोन केला. “सर, जया मॅम नसत्या तर आम्ही अडकलो होतो. त्यांना आमच्याकडे पाठवता का?” मी हसलो.

येताना पेढे आणले आणि जयाला दिले. तिने डबा उघडला नाही, पिशवीत ठेवला. “आईला देते.” मधे जरा गप्प गप्प असायची, आता ठीक वाटतेय.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आज नव्या साइटचं उद्घाटन झालं. मुहूर्त अण्णांनीच काढला. भिंतीवर पांढरी चादर लावून साइट दाखवली. ती उघडायला वेळ लागला तेवढ्यात अण्णांनी भाषण केलं. ‘आमच्याविषयी’ मी वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांचा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. श्रेया शाल सावरत माझ्या कानाशी म्हणाली, “सर, जया मॅम कुठे आहेत?”

जया नव्हती. दसऱ्याला तिची दरवर्षी रजा असते, तो त्यांचा धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. तारीख ठरली तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आलं असतं तरी मुहूर्त काही बदलला नसता.

सगळे गेल्यावर चादर काढायला मीच उरलो होतो. गुडघा दुखतोय. निदान संपलं एकदाचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार

जयाने राजीनामा दिला.

सकाळी दार उघडल्या उघडल्या पाकीट टेबलावर ठेवलं आणि उभी राहिली. मंचरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून झालं आहे. पूर्ण वेळ. दिवाळीनंतर जायचं. म्हणजे मंचरला लग्न नव्हतं, मुलाखती होत्या.

मला पहिल्यांदा जे सुचलं ते मी बोललो. “अगं, पण नोव्हेंबरात निरीक्षक येणार आहेत.”

“तुम्ही दाखवाल की, सर. सगळं नवीनच आहे आता.”

“काही बोलायचं तरी आधी. मी अण्णांशी बोललो असतो.”

तिने माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. ती म्हणाली, “आतल्या कपाटांना डांबराच्या गोळ्या घातल्यात. दिवाळीनंतर बदला. वाळवी लवकर धरते तिथं.”

वैजयंतीला सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. मला तिच्या नवल न वाटण्याचाच राग आला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

निरीक्षक आले. मधे लिहिलं नाही कारण लिहायला उभारीच नव्हती. जया गेल्यापासून देवघेव, फोन, झाडलोटीवर लक्ष, सगळं माझ्याकडे. मढच्या एका आजोबांचा फोन येतो, “नव्या त्याच्यात काय सापडत न्हाई, जयाबाईंना द्या.” मी उठून कपाट बघतो नि सांगतो.

निरीक्षक बाईंनी साइट दोन मिनिटं पाहिली. “बरी आहे,” म्हणाल्या. मग सगळीकडे हिंडल्या. आतल्या खोलीत त्या कपाटांपाशी थांबल्या. एक पुस्तक काढलं, आतला जुना शिक्का बघितला. “हा संग्रह कुठला?” मी सांगितलं, बौद्ध वस्तीतल्या तरुणांच्या वाचनालयाचा. त्या कितीतरी वेळ तिथेच होत्या. जुनी बांधणी, पानांच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेल्या टिपा, सगळं बघत होत्या. म्हणाल्या, “हे तुमच्या वेबसाइटवर का नाही? अशी गोष्ट तालुक्यात दुसरीकडे कुठे असणार? हीच तर तुमची ओळख आहे.”

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, “टाकतोय की, मॅडम. ऱ्हायलंय तेवढंच.”

त्यांची गाडी गेल्यावर मला म्हणाले, “टाका ते परत. चांगलं फुलवून टाका.”

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस त्याच मजकुरावर बसलो. या वेळी श्रेयाने शब्दांची अट घातली नाही. मी लिहिलं: ‘बौद्ध वस्तीतील बांधवांनी आपला संपूर्ण ग्रंथसंग्रह उदार अंतःकरणाने वाचनालयास देणगी म्हणून दिला आणि तालुक्यातील सामाजिक सलोख्याचा आदर्श घालून दिला.’ अण्णांना फोनवर वाचून दाखवलं. “झकास,” म्हणाले.

साइटवर आलं. कपाटांचा फोटोही आहे. फार दिवसांनी काहीतरी बरं केल्यासारखं वाटलं. रविवारी जयाच्या घरी जाऊन दाखवावं म्हणतो. फोनवर पाठवलं तर ती नुसतं ‘बरं’ म्हणेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

जाऊन आलो. इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण तिच्या घरी मी पहिल्यांदाच गेलो, हे ओढा ओलांडताना लक्षात आलं.

जया अंगणात कपडे वाळत घालत होती. मला बघून तिने हात पुसले, खुर्ची आणली. तिची आई जानकाबाई ओट्यावर बसली होती, डोळ्यांवर काळा चष्मा. “सर आलेत गं? बसा. च्या टाक, जया.”

मंचरचं विचारलं. चांगलं चाललंय म्हणाली. मुलं पुष्कळ, खोली मोठी. एसटीने जायला-यायला त्रास होतो, पण बसायला मिळतं. चेहरा भरल्यासारखा वाटला. मग मी मोबाइल काढून तिच्या हातात दिला. “वाच. परत घातलंय.”

तिने मनात वाचलं. आई म्हणाली, “काय लिवलंय? मला तरी कळू दे.” तेव्हा तिने मोठ्याने वाचलं. सावकाश, ‘ज्ञान’ आणि ‘वृत्त’ वाचायची तसं, प्रत्येक शब्द वेगळा करून.

जानकाबाईंनी ऐकून घेतलं. मग मला म्हणाल्या, “देनगी कशाची वो, सर?”

मला वाटलं त्यांना शब्द कळला नाही. मी समजावायला लागलो, की देणगी म्हणजे तुमच्या लोकांनी आपण होऊन पुस्तकं दिली ती.

“आपन हून कोन देतंय? जीव व्हता त्यांचा त्याच्यावर. जयाचा बाप मजुरी करून पुस्तक आनायचा. ह्यांनी अर्ज केला व्हता, आमाला बी सभासद करा. न्हाई म्हनले. फिरून केला. न्हाई म्हनले. जागा न्हाई, म्हनले. मग पोरांनी डोकं चालवलं. म्हनले, आपली समदी पुस्तकं घिऊनच जाऊ, पुस्तकांना तर न्हाई म्हनत न्हाईत. गाडी भरली. पुस्तकं लगीच आत घेतली. मग त्यांच्या मागनं मानसं आत गेली.”

चहा आला होता. मी तो पीत राहिलो. अंगणात लुगडं वाऱ्याने फडफडत होतं.

त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. घरातल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट पाहुण्याला सांगावी, तसं त्यांनी सांगितलं. पुढे त्या वांग्यांचं सांगू लागल्या, यंदा कीड पडली.

निघताना जया ओढ्यापर्यंत आली. मी विचारलं, “तुला हे माहीत होतं?”

“हो.”

“मग तुझ्या पानावर तू तसं का नाही लिहिलंस? तू तर नुसतं लिहिलं होतंस, पुस्तकं आली, आणि त्याच वर्षी सभासद झाले.”

“मी तिथं नोकरीला होते, सर.”

ती वळून गेली. मी ओढ्यावरच्या साकवावर थांबलो. ती दोन वाक्यं मी किती वेळा वाचली असतील. मधला पूर्णविराम मला कधी दिसला नाही. आणि ती वाक्यं कापून, वर तिच्याकडेच टाइप करायला दिली.

वैजयंतीला सगळं सांगितलं. ती शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, “आता?”

मला माहीत नाही, असं म्हटलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी वाचनालय उघडल्यावर आधी तेवढंच काम केलं. स्वतः टाइप केलं, एकेक अक्षर शोधत. वाक्य साधंच झालं. ‘बौद्ध वस्तीतल्या तरुणांनी सभासद होण्यासाठी दोनदा अर्ज केले. ते नाकारले गेले. मग त्यांनी आपलं वाचनालय मोडून सगळी पुस्तकं इथे आणली. पुस्तकं घेतल्यानंतर त्यांना सभासद करून घेतलं.’ खाली काय लिहावं कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. श्रेयाला पाठवलं. तिने विचारलं नाही, जेवायच्या आत साइटवर घातलं आणि “झालं, सर” कळवलं. बाहेरच्या माणसाचं एक बरं असतं.

दुपारी अण्णांचा फोन आला. पुतण्याने दाखवलं असणार.

“सोमनाथराव, हे काय लिवलंय?”

“झालं तसं लिहिलंय, अण्णा.”

“कोन म्हनलं?”

“ज्यांच्या घरातनं पुस्तकं आली, ते म्हणाले.”

मागे ट्रॅक्टर चालू होता, तो बंद झाला. “तवा आमचे वडील व्हते खुर्चीवर.”

“हो. तसबिरीखाली वर्षं आहेत.”

“मग असं बी लिवता येईल की. त्यांच्याच काळात आत घेतलं म्हनून.”

“येईल,” मी म्हटलं. “पण दोनदा नाही म्हटलं तेही त्यांच्याच काळात, अण्णा. दोन्ही लिहावं लागेल.”

मी असं कधी कुणाशी बोललो नव्हतो. धैर्य वगैरे नव्हतं. टाळायला लागते तेवढी ताकद अंगात उरली नव्हती. अण्णा ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांचा आवाज एकदम म्हातारा झाला. “त्ये काढून टाका, सोमनाथराव.”

“श्रेयाचा नंबर तुमच्याकडे आहे. तुम्ही सांगा तिला. मी नाही सांगणार.”

फोन ठेवला त्यांनी. मग मी डांबराच्या गोळ्या आणायला गेलो. परत आलो तर स्पर्धा परीक्षेची दोन मुलं बाकावर एकाच मोबाइलवर वाकून काहीतरी वाचत होती. त्यातला एक उठून आतल्या खोलीत गेला, ती कपाटं बघायला.

कुलूप लावण्याआधी साइट उघडून पाहिली. वाक्यं आहेत अजून. उद्या असतील की नाही, सांगता येत नाही. असली तर बैठक लागेल, नसली तर मला पुन्हा पाठवावी लागतील. गुडघ्याला शेक घेतो आणि पडतो.